आधी जुनं ऐकायचं

‘चारशे शब्द. आणि आधीच्या अल्बमपेक्षा बरा की वाईट, ते पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.’ पुण्याच्या ज्या पुरवणीसाठी मी रॉक संगीताची परीक्षणं लिहायचे, तिथून दर वेळी एवढीच सूचना यायची. सूचनेत गैर काही नव्हतं. सीडीला पैसे मोजणाऱ्या वाचकाला सरळ उत्तर हवं असतं. पण हे ‘आधीपेक्षा’ लिहिणाऱ्याला फार छळतं. आधीचं म्हणजे नेमकं कुठलं? कधी ऐकलेलं, कशावर ऐकलेलं? आणि तेव्हा वाजवणारे कोण होते? या प्रश्नांशी झगडण्यातच माझ्या कामाचा मोठा भाग गेला, आणि तो बराचसा तामलवाडीत बसून झाला.

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, दोन्हींच्या साधारण मध्यावर आहे. सोलापूर-येडशी टप्पा चौपदरी झाल्यापासून लोक गावाला टोलनाक्यावरून ओळखतात. माझ्या लहानपणी हा रस्ता दुपदरी होता आणि त्याचा क्रमांक 211 होता. सोलापूरहून निघून धाराशिव, बीड, औरंगाबाद करत तो धुळ्याला जायचा. आता तोच 52 क्रमांकात मोडतो. गावात इंग्रजी गाणं ऐकणारं घर नव्हतं, पण गाण्याला तोटा नव्हता. नवरात्रात आराधी बायकांचे मेळे, लग्न पार पडलं की घरोघरी गोंधळ, आणि कोजागिरीच्या सुमाराला सोलापूरकडून पायी तुळजापूरला निघालेल्या भाविकांचा लोंढा. त्या दिवसांत रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवतात आणि रात्रभर माणसंच चालत असतात. त्यात कर्नाटकातून आलेल्यांची कानडी गाणीही असतात. कोण कसं गातंय, गेल्या वर्षी कसं गात होतं, यावर ओसरीवर बसलेल्या बायका बिनधास्त मत देतात. तुलना करून ऐकायची सवय मला तिथेच लागली.

रॉक भेटलं ते सोलापुरात, शिकायला गेले तेव्हा. 1990 नंतरचे दिवस. उपग्रह वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या आणि केबलवाल्याने वायर टाकली की मैत्रिणीच्या घरी एमटीव्ही दिसायचा. परदेशी बँडांच्या गर्दीत एक दिवस मुंबईचा बँड दिसला. गाणं होतं ‘प्रिटी चाइल्ड’ आणि बँडचं नाव होतं इंडस क्रीड. 1993 साली एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार याच व्हिडिओला मिळाला. आपल्याकडची पोरं इंग्रजीत स्वतःचं गाणं रचून गातात आणि ते जगात दाखवलं जातं, ही गोष्ट तेव्हा आम्हाला पचायला जड गेली होती.

या बँडची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 1984 साली मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. त्या काळात इथल्या बँडांनी परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवायची, असा रिवाज होता. जितकं हुबेहूब, तितकं कौतुक. कॉलेजांचे महोत्सव आणि मुंबईतलं रंगभवन ही त्यांची रंगभूमी. सुरुवातीला रॉक मशीननेही तेच केलं, पण मग ते स्वतःची गाणी लिहू लागले. 1988 साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आला, 1990 साली ‘द सेकंड कमिंग’. ‘प्रिटी चाइल्ड’ मूळ या दुसऱ्या अल्बमातलं. 1993 साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि 1995 साली त्याच नावाचा अल्बम काढला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर, मार्क सेल्विन बेसवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर. 1997 साली बँड फुटला. कोणी परदेशी गेलं, कोणी जाहिरातींच्या संगीतात रमलं. 2010 साली तो पुन्हा उभा राहिला आणि 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. आधीच्या अल्बमनंतर 17 वर्षांनी.

तोवर मी पुण्यातली नोकरी सोडून गावी परतले होते. वडिलांना शेत एकट्याने ओढवत नव्हतं. परीक्षणं मात्र चालू होती. सीडी कुरिअरने सोलापूरपर्यंत यायची, तिथून मी ती एसटीने घेऊन यायचे. ‘इव्हॉल्व्ह’ आला तेव्हा पुरवणीची सूचना नेहमीचीच होती: आधीपेक्षा कसा?

माझ्या हाताशी काय होतं? ‘द सेकंड कमिंग’ची कॅसेट, सोलापुरात विकत घेतलेली, इतकी वाजवलेली की फीत ताणली गेली होती. 1995 च्या अल्बमचीही कॅसेटच. आणि या सगळ्याच्या आठवणी. परीक्षण लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त सावध कशापासून राहावं, असं कोणी विचारलं तर मी या आठवणींकडे बोट दाखवते. आठवणीत एखाद्या गाण्याचा मुखडाच उरतो, मधली सैल कडवी गळून जातात. अल्बमातली दोन चांगली गाणी उरतात, भरतीची चार विसरली जातात. मग नव्या अल्बममधली सगळी गाणी एका बाजूला आणि जुन्यातली निवडक दुसऱ्या बाजूला, असा सामना लागतो. तो नवा अल्बम कधीच जिंकू शकत नाही.

म्हणून माझा नेम ठरलेला होता. नवं फोडण्याआधी जुनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, न आवडणारी गाणी न टाळता. गाणं पुढे ढकलायचं नाही. एका वहीत डाव्या पानावर जुन्याच्या नोंदी, उजव्या पानावर नव्याच्या. कोणतं वाद्य आधी येतं, ताल कुठे बदलतो, गायक कोणत्या पट्टीत सुरुवात करतो, कोरस किती वेळा येतो, गाणं संपतं की नुसतं मंदावत जातं. अशा नोंदी केल्या की ‘पूर्वीसारखी मजा नाही’ हे वाक्य लिहायला हात धजत नाही. मजा नाही म्हणजे काय नाही, ते सांगावं लागतं.

हे ऐकणं गावात सोपं नव्हतं. दिवसा रस्त्यावरून उसाच्या गाड्या आणि ट्रक जायचे, आणि भारनियमनाच्या काळात विजेचा भरवसा नव्हता. शेतपंपाची थ्री फेज लाइट बहुतेक रात्री यायची. वडील बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले की मी हेडफोन लावून बसायचे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, ‘काय गं, तेच तेच किती येळा ऐकतीस? पयल्या खेपंला कळलं न्हाई व्हय?’ कळलं नव्हतं, हे खरंच होतं. पहिल्या खेपेला फक्त आपल्या अपेक्षा ऐकू येतात.

कशावर ऐकतो, हा प्रश्न तर त्याहून अवघड. स्वस्तातला टेपरेकॉर्डर बरेचदा नेमक्या वेगाने फिरत नाही. मोटर जरा जोरात फिरली की सगळं गाणं अर्ध्या सुराने वर चढतं आणि गायकाचा आवाज कोवळा वाटतो. माझ्या जुन्या टेपवर उदय बेनेगलचा आवाज असाच वर चढलेला होता. नव्या सीडीत त्याचा आवाज खाली उतरलाय, वय झालंय, असं लिहिण्याचा मोह झाला असता. मी की-बोर्डवर सूर लावून पाहिला तेव्हा कळलं की फरकातला काही भाग वयाचा नाही, मोटरचा आहे. शिवाय कॅसेटची खरखर, वरच्या पट्टीतले झिजलेले आवाज. हे सगळं जुन्या बँडच्या नावावर जमा होतं आणि आपण त्यालाच ‘जुना उबदार आवाज’ म्हणतो.

उलटा धोकाही असतो. दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली आणि एक जराशी मोठ्याने वाजत असलं, तर कानाला तेच चांगलं वाटतं. एक-दोन डेसिबलचा फरकही पुरतो, आणि तो फरक आवाजाचा आहे हे लक्षातही येत नाही. 1990 नंतर कंपन्यांनी सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात कापायला सुरुवात केली. हळू आणि जोरकस जागांमधलं अंतर त्यात पुसलं जातं. मेटालिकाचा 2008 चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. सीडीवर आवाज इतका दाबला होता की तो फाटत होता. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ खेळात कमी दाबलेल्या रूपात आली होती आणि चाहत्यांना ती जास्त आवडली. तेव्हा तो अल्बम आधीच्यापेक्षा वाईट की चांगला? गाण्यांबद्दल एक उत्तर आणि मुद्रणाबद्दल दुसरं, असं वेगवेगळं सांगितल्याशिवाय परीक्षण खरं होत नाही. मी तेव्हापासून दोन्ही मुद्रणांचा आवाज कानाने जुळवून घेतल्याशिवाय तुलना करत नाही. मित्रांकडून, ओळखीच्या संग्राहकांकडून जुन्याची सीडी मिळवते आणि शक्यतो एकाच यंत्रावर ऐकते.

आता मुख्य गोष्ट. जुनं नीट ऐकून झालं, आवाज जुळवला, वही भरली. तरी तुलना कशाशी करायची?

याचं उत्तर मला गोंधळाने दिलं. आमच्या भागात तुळजाभवानीचे कदमराई गोंधळी. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. एका नातेवाइकाच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. पाटावर चौक मांडलेला, कलश, दिवटी पेटलेली, संबळ आणि तुणतुणं. सुरुवातीला देवांना गोंधळाला बोलवायचं असतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेका ठाण्याचं नाव घेऊन. मग गण, मग आख्यान, त्यात सोंगं आणि विनोद, आणि शेवटी आरती. दुसऱ्या दिवशी ओसरीवर चर्चा रंगली. आख्यान नवीन होतं, पोरांना आवडलं, म्हाताऱ्यांनाही चाललं. पण एक आजी म्हणाल्या, ‘देवीला बोलवताना घाई केली बघ त्यानं. बाप असा करत नव्हता.’

मी त्या गोंधळीमामांना नंतर गाठलं आणि विचारलं, लोक तुमची तुलना वडिलांशी करतात, त्याचं काय वाटतं? संबळ गुंडाळत ते म्हणाले, ‘बोलवणं बदलायचं न्हाई, बाई. ते बापाचं, त्याच्या बापाचं. आख्यान ज्याचं त्याचं. त्यात लोकांनी बापाला आणू नये.’

आजींची तक्रार आणि मामांचं उत्तर एकाच जागी येऊन थांबत होतं. गोंधळात काय कायम ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, हे परंपरेनेच ठरवून दिलं आहे. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून त्याचा निकाल नेमका असतो. रॉक बँडच्या बाबतीत असं काही ठरलेलं नसतं. तिथे कायम काय आहे, ते परीक्षकालाच जुन्या अल्बमांतून शोधून काढावं लागतं. तेवढ्यापुरतीच जुन्याशी तुलना करावी. बाकीचं आख्यान आहे, ते आख्यान म्हणूनच ऐकावं.

या कसोटीने रॉक मशीन ते इंडस क्रीड असा प्रवास ओळीने ऐकला आणि पहिली गोष्ट ही दिसली की ‘आधीचं काम’ असं एकसंध काही नव्हतंच. 1988 चा बँड मस्तीत होता, मंचावरून हाळी देणारा. 1990 चा जास्त जबाबदार झाला. 1995 चा नव्या नावाने नवी वाट शोधत होता. यातला प्रत्येक अल्बम आधीच्याला सोडूनच पुढे गेला होता. ज्याने 1988 ला ऐकायला सुरुवात केली त्याला 1995 चा पटला नाही, आणि ज्याला बँड एमटीव्हीवर भेटला त्याला 1988 चा पोरकट वाटला. प्रत्येकाची तुलना खरं तर आपण बँडला जिथे पहिल्यांदा भेटलो त्या मुक्कामाशी होती.

मग कायम काय होतं? माझ्या वहीतल्या डाव्या पानांवर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, कोरसमध्ये अनेक आवाजांनी मिळून गाणं. दुसरी, महेश तिनईकरच्या गिटारचा तुकडा गुणगुणता येण्याजोगा असणं. वेग दाखवण्यापेक्षा चाल पुढे नेण्यावर त्याचा भर. तिसरी, झुबिन बालापोरियाच्या की-बोर्डला गिटारइतकीच जागा. भारतातल्या त्या काळच्या जोरकस रॉकमध्ये ही तिसरी गोष्ट दुर्मीळ होती.

‘इव्हॉल्व्ह’मध्ये गायक, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे, वयाने लहान. अल्बममध्ये गाणी आठच. मिश्रण केलं टिम पामरने. पर्ल जॅमच्या ‘टेन’चं मिश्रण करणारा हाच. आता उजवं पान. कोरसातले एकत्र आवाज आहेत, आधीपेक्षा जास्त बारकाईने रचलेले. ‘फायरफ्लाइज’ ऐकताना ते लगेच लक्षात येतं. गिटार चाल सोडत नाही. की-बोर्ड तर कधी नव्हे इतका पुढे आलाय. म्हणजे बोलवणं शाबूत आहे. आख्यान मात्र संपूर्ण नवं. गाणी लांबली आहेत, ताल मध्येच कूस बदलतात, ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या बाजूला बँड झुकला आहे. श्रोत्यांना हात वर करून गायला लावणारं गाणं जवळजवळ नाही. नव्या बेस-ड्रमच्या जोडीमुळे खालचा पाया घट्ट झाला आहे, आणि त्यामुळेच वरच्या तिघांना मोकळं सुटता आलं, असं माझं मत आहे.

माझा निकाल असा होता: अल्बम म्हणून ‘इव्हॉल्व्ह’ त्यांचा सगळ्यात चांगला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका मनाने बांधलेला. पण ‘प्रिटी चाइल्ड’च्या तोडीचं, एकदा ऐकून आठवड्याभर डोक्यात राहणारं सुटं गाणं त्यात नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एक दुसऱ्याला खोडत नाही. पुरवणीत पहिलं वाक्य कापलं गेलं आणि दुसरं शीर्षकात गेलं. जागेची अडचण, असं मला कळवण्यात आलं. त्यानंतर मी चारशे शब्दांत तुलनेला दोनच ओळी द्यायच्या आणि त्या एकाच वाक्यात गुंफायच्या, म्हणजे अर्धं कापताच येऊ नये, असं लिहायला शिकले.

कायम काय आहे ते आधी ठरवलं की दुसराही एक प्रश्न सुटतो: ते कायमच नाहीसं झालं तर? दिल्लीच्या इंडियन ओशनच्या बाबतीत तसं घडलं. सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 साली बँड सुरू केला. पुढे राहुल राम बेसवर आणि अमित किलम ड्रमवर आले. 1997 च्या ‘डेझर्ट रेन’मध्ये मोकळं वाजवणं जास्त होतं. 2000 च्या ‘कंदिसा’त ते नेटकं झालं आणि बँड घराघरांत पोहोचला. राहुल राम काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होते. नंदुरबारपासून पलीकडच्या खोऱ्यापर्यंतची ती लढाई. ‘कंदिसा’तलं ‘मा रेवा’ आणि 2003 च्या ‘झीनी’तलं ‘चीतू’ ही गाणी नर्मदेच्या खोऱ्यातून त्यांच्याकडे आली. ‘झीनी’ आला तेव्हा अनेकांनी ‘कंदिसासारखा नाही’ असं म्हटलं. ते खरं होतं आणि निरर्थकही होतं. असीमचा जमिनीतून आल्यासारखा आवाज आणि तबला, सुष्मितची नितळ गिटार, बेसने धून धरणं, हे सगळं तिथे होतंच. फक्त आख्यान वेगळं होतं.

2009 च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती गेले. 2010 साली ‘16/330 खजूर रोड’ आला. हा बँडच्या सरावाच्या जुन्या जागेचा पत्ता. त्यातली गाणी असीम असतानाच ध्वनिमुद्रित झालेली. बँडने ती दर महिन्याला एक अशी, इंटरनेटवरून फुकट दिली. 2013 साली सुष्मित सेन बाहेर पडले. 2014 च्या ‘तांडानू’त सात गाणी आहेत आणि प्रत्येकात एक पाहुणा कलाकार आहे. शुभा मुद्गल आहेत, शंकर महादेवन आहेत, विश्वमोहन भट्ट आहेत. ‘तांडानू’ची ‘कंदिसा’शी तुलना करायला मला एका मासिकाने सांगितलं तेव्हा मी नकार दिला. ज्या दोन गोष्टींवर ‘कंदिसा’ उभा होता, त्या दोन्ही तिथे नव्हत्या. ‘तांडानू’ हा त्याच नावाने निघालेला नव्या बँडचा पहिला अल्बम समजून ऐकला तर तो चांगला, मोकळा, पाहुण्यांना जागा देणारा अल्बम आहे. ‘कंदिसा’च्या पुढचा म्हणून ऐकला तर सतत कोणी तरी गैरहजर वाटतं. गैरहजेरीचं परीक्षण करता येत नाही.

बँड स्वतःच आपलं कायम मोडायला निघाला असेल तर? रेडिओहेडने 1997 साली ‘ओके कम्प्युटर’ केला, गिटारवर उभा असलेला. 2000 साली ‘किड ए’ आला तेव्हा गिटार जवळजवळ बाजूला सारलेली होती, यंत्रांचे आवाज पुढे होते. त्या वेळी परीक्षकांत फूट पडली. काहींनी ती आत्महत्या म्हटली, काहींनी झेप. आज तो त्या दशकातल्या महत्त्वाच्या अल्बमांत गणला जातो. अशा वेळी मी वहीत एवढंच तपासते: मोडण्याचा निर्णय प्रत्येक गाण्यात दिसतो का, की दोन गाणी धाडसी आणि उरलेली जुन्या सवयीची? निर्णय पुरता घेतला असेल तर तो आवडो न आवडो, त्याला मान द्यावा लागतो. अर्धवट घेतला असेल तर त्या अल्बमने जुनंही गमावलेलं असतं आणि नवंही मिळवलेलं नसतं.

या कामात एक अडचण मात्र कधी सुटली नाही. चाहत्यांना निकाल हवा असतो, पण तो त्यांच्या आठवणीला धक्का न लावणारा हवा असतो. ‘इव्हॉल्व्ह’वर मी लिहिल्यावर एका वाचकाचं पत्र आलं की तुम्हाला रॉक मशीन कळलंच नाही, तुम्ही रंगभवनात नव्हता. मी रंगभवनात नव्हते, हे खरं. तिथे असलेल्यांनी जे ऐकलं त्यात गर्दी होती, मित्र होते, पावसाळी हवा होती. ते अल्बममध्ये नव्हतं, तेव्हाही नव्हतं. रंगभवनातले कार्यक्रम पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबले, म्हणून ती आठवण आणखीच पवित्र झाली. अशा वाचकाशी मी वाद घातला नाही. त्याच्या आठवणीचा मला आदर आहे. फक्त तिला अल्बमचं माप म्हणून वापरायला माझा नकार आहे.

आता गावातली पोरं फोनवर ऐकतात. तुळजापुरात देवीची गाणी पूर्वी कॅसेटमध्ये मिळायची, मग मेमरी कार्डात भरून मिळू लागली, आता तीही फोनवरच. माझा पुतण्या परवा एका बँडचं नवं गाणं ऐकून म्हणाला, ‘आत्या, हे आधीच्यापेक्षा फालतू हाय.’ मी विचारलं, आधीचं कधी ऐकलंस? म्हणाला, रीलमध्ये. म्हणजे अर्ध्या मिनिटाचा मुखडा. त्याला दोष देत नाही. पूर्वी जुनं ऐकायला कॅसेट मिळवावी लागायची, ती तुटली तर जोडावी लागायची. आज बँडची सगळी वर्षं एका बोटाच्या अंतरावर आहेत आणि तरी ती कोणी सलग ऐकत नाही. जुनं ऐकणं इतकं सोपं कधीच नव्हतं, म्हणून ते न ऐकता निकाल देण्याला आता सबबही उरलेली नाही.

परीक्षण लिहू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच आहे. नवा अल्बम आला की तो आठवडाभर तसाच राहू द्या. बँडचे आधीचे अल्बम ओळीने, पूर्ण, त्याच हेडफोनवर, त्याच आवाजात ऐका. बँडने दर वेळी काय धरून ठेवलं ते तीन ओळींत लिहा. मग नवा ऐका आणि त्या तीन ओळींपुरतीच तुलना करा, बाकीचं आहे तसं ऐका. आणि परीक्षणात वाचकाला सांगा की तुम्ही जुनं केव्हा आणि कशावर ऐकलंत. ते सांगता येत नसेल तर ‘आधीपेक्षा’ हा शब्द लिहू नका.